पौषातली चितकबरी

आमच्या माधव नगरच्या घरात केबल आणि चितकबरी एकाच उन्हाळ्यात आल्या, आणि पुढचे पाच महिने कोण जास्त पसरते याची दोघींत चुरस लागली होती. केबलची काळी तार शेजारच्या गच्चीवरून निघायची, आमच्या मागच्या अंगणावर लोंबायची आणि बैठकीच्या खिडकीतून आत शिरायची. चितकबरीनं आधी बाबांच्या स्कूटरसाठी उभारलेली लोखंडी जाळी चढून घेतली आणि मग तिला ती तार सापडली. तिच्या तणाव्यांना धरायला काहीही चालायचं. तार, जाळी, वाळत घातलेला आईचा परकर, आणि एकदा तर स्कूटरचा आरसा. चार दिवस बाबा रजेवर होते, पाचव्या दिवशी स्कूटर काढायला गेले तर वेल सोडेना. केबलवाला दर पंधरवड्याला यायचा, कमरेवर हात ठेवून वर बघायचा आणि आईला म्हणायचा, "भाभीजी, चैनल में बर्फ गिर रही है तो मैं क्या करूँ? तार पे तो आपने जंगल चढ़ा रखा है." आई त्याला चहा द्यायची आणि तार सोडवायला मला स्टुलावर चढवायची. वेल कापायची हिंमत मात्र कुणात नव्हती, कारण वेल सुधाआत्याची होती.

सुधाआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. वय चव्वेचाळीस, अविवाहित, मुलींच्या सरकारी शाळेत भूगोल शिकवायची. तिचं लग्न का झालं नाही हे आमच्या घरात कुणी विचारत नसे. आधी आजोबांचं आजारपण निघालं, मग बाबांचं शिक्षण, मग बाबांचं लग्न, आणि तोवर तिची तिला सवय झाली आणि आम्हाला तिची. आमचं उज्जैन कर्कवृत्ताच्या किती जवळ आहे हे ती अशा सुरात सांगायची, जणू ते आमच्या अंगणातूनच जातं आणि येता-जाता त्याच्यावर पाय पडता कामा नये. जेवणानंतर गुळाचा खडा, दुपारी वीस मिनिटं डोळे मिटून पडणं, आणि रविवारी सगळ्या घराच्या चादरींच्या घड्या नकाशासारख्या घालणं हे तिचे नेम होते. ती रागावायची नाही. चष्म्यावरून बघायची. आजही मला कुणी चष्म्यावरून बघितलं की मी काय केलंय हे आठवायला लागते, आणि गंमत म्हणजे काहीतरी आठवतंच.

त्या मे महिन्यात शाळेतल्या सगळ्या बहनजी मिळून कुमाऊंकडे सहलीला गेल्या होत्या. तिथल्या एका सरकारी बागेत त्यांना झाडं दाखवायला जे अधिकारी आले ते निघाले वझे. मूळचे धारचे, म्हणजे आपल्या माळव्यातलेच मराठी, पण बावीस वर्षं डोंगरात काढलेले. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. आत्यानं एका भिंतीवरच्या वेलीपुढे उभं राहून त्यांना इतके प्रश्न विचारले म्हणे, की बाकीच्या बहनजी पुढे जाऊन चहा पिऊन परत आल्या तरी हे दोघं तिथंच. निघताना वझ्यांनी तिला मुळं धरलेलं एक रोप दिलं. ते तिनं तुपाच्या रिकाम्या डब्यात लावून, ओल्या गोणपाटात गुंडाळून, तीन गाड्या बदलत मांडीवर आणलं. तिची स्वतःची पेटी लखनौला गाडीत राहिली. पेटीचा उल्लेख तिनं आठवड्यानं केला.

पान द्राक्षाच्या पानासारखं होतं, तीन बोटांचं, पण रंगाऱ्यानं भिंत पांढरी करून झाल्यावर कुंचला झटकावा आणि त्याचे शिंतोडे उडावेत तसं. हिरव्यावर पांढरं, कुठं अख्खा कोपराच पांढरा, आणि कोवळं पान तर गुलाबी. आईनं पहिल्यांदा बघितलं तेव्हा तिला वाटलं कीड लागलीय, आणि तिनं एकेक पान साबणाच्या पाण्यानं धुतलं. वझ्यांनी वेलीचं शास्त्रीय नाव चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, पण ते उच्चारताना बाबांच्या जिभेला गाठ पडायची. शेवटी शेजारच्या रेखाच्या आईनं भिंतीवरून डोकावून "अरे, ये तो चितकबरी है" म्हटलं आणि तेच नाव पक्कं झालं. पुढचा प्रश्न सगळ्यांचा एकच असे: अंगूर कधी येणार? बाबांनाही मनातून तीच आशा होती. दसऱ्याच्या सुमारास खरंच दोन घोस आले, दाणे मिऱ्यापेक्षा थोडे मोठे, आणि रंग असे की निळा, जांभळा, मोरपंखी, एकाच घोसात सगळे. आत्यानं बजावलं होतं की हे खायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी एका घोसातला एक दाणा कमी होता आणि बाबा सकाळपासून चूळ भरत होते.

वझ्यांची पत्रं महिन्याला एक यायची. ती आत्या जेवणाच्या टेबलावर उघडी ठेवून शाळेत जायची, त्यामुळे आम्ही ती वाचायचो यात आमचा काही दोष नाही. 'सप्रेम नमस्कार वि. वि. आपलं पत्र मिळालं. वेलीला दुपारचं ऊन लागू देऊ नये. शेंडा खुडताना हात हलका ठेवावा. शेणखत जुनं असावं. इथे आज धुकं होतं. आपला, वझे.' यावर आई-बाबांचा खल चालायचा. आई म्हणायची, यात काहीतरी आहे. बाबा म्हणायचे, यात शेणखत आहे. आई त्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवायची. धुकं होतं हे कशाला कळवायचं? बाबांचं म्हणणं, भूगोलाच्या बाईला हवामान नाही कळवायचं तर काय कळवायचं. त्यावर आईनं जे उत्तर दिलं ते मी आजवर बऱ्याच ठिकाणी स्वतःचं म्हणून खपवलं आहे. ती म्हणाली, "अहो, धुकं असं उगाच कुणी कळवत नाही."

आत्याची उत्तरं मात्र कुणाला दिसत नसत. ती शाळेजवळच्या पेटीत टाकायची. पण पत्र आलेल्या दिवशी ती गुळाचे दोन खडे खायची, हे मी मोजलं होतं.

डिसेंबरात आत्याला सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी भोपाळला जावं लागलं. जाताना तिनं वेल माझ्या ताब्यात दिली. मी तेरा वर्षांची, आठवीत, आणि आजवर माझ्या ताब्यात कुणी वहीसुद्धा भरवशानं दिली नव्हती. तिनं मला जाळीपाशी उभं करून सांगितलं, रोज एक तांब्या पाणी, आणि दर आठवड्याला मला एक पोस्टकार्ड, वेल कशी आहे त्याचं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "मिनू, माझ्याजवळ जपायला एवढी एकच गोष्ट आहे." हे ती सहज म्हणाली, पण मी नाटकात कामं करणारी मुलगी. मी ते भीष्मप्रतिज्ञेसारखं घेतलं.

आणि नेमक्या तिसऱ्या दिवशी पानं पिवळी पडायला लागली. आधी पांढरा भाग तपकिरी झाला, मग हिरवा पिवळा, मग मी बोट लावलं की पान हातात. मी एका तांब्याचे दोन केले. पानं आणखी गळाली. दोन तांब्यांची बादली केली, बादलीच्या दोन बादल्या. भोपाळला पोस्टकार्ड गेलं, 'चितकबरी छान आहे. तुझी आठवण काढते.' दुसऱ्या आठवड्यात अंगणात पानांचा सडा पडला आणि पोस्टकार्ड गेलं, 'चितकबरी फारच छान आहे.' घरातल्या प्रत्येकानं आपापला इलाज केला. आईनं तांदळाचं धुवण घातलं, मग ताक. बाबांनी मंदिरातून आणलेली विभूती बुंध्याला लावली. रेखाच्या आईचं निदान स्पष्ट होतं, नजर लगी है. तिनं लिंबू-मिरच्या बांधल्या. ख्रिसमसच्या सुट्ट्या लागेपर्यंत जाळीवर एकही पान उरलं नाही. जुन्या खाटेची सुतळी उसवून कुणी वर फेकून द्यावी तशा तपकिरी दोऱ्या लोंबत होत्या, आणि त्यांत हिरवं म्हणून काय तर लिंबाखालच्या मिरच्या.

इथे मला एक कबुली द्यायची आहे, आणि ती माझ्या मुलांपासून मी आजवर लपवली आहे. त्याच महिन्यात आमची सहामाही परीक्षा झाली. भूगोलात प्रश्न होता, 'पर्णपाती वन किसे कहते हैं?' मी झकास उत्तर लिहिलं. जी झाडं वर्षातून एकदा ठरावीक ऋतूत सगळी पानं गाळतात, पाणी वाचवतात, आणि पुन्हा पालवतात, वगैरे. पैकीच्या पैकी मार्क मिळाले. पेपर टाकून घरी आले, दप्तर फेकलं, आणि निष्पर्ण वेलीवर दोन बादल्या पाणी ओतलं. डोक्यात काही म्हणजे काही आलं नाही. आमच्या माळव्यात झाडं पानं टाकतात ती होळीच्या आसपास, आणि तीही रानातली. घरातली वेल म्हणजे मधुमालती, मनीप्लांट, बारा महिने हिरवी. पुस्तकातलं वन पुस्तकात होतं, त्याचा आमच्या अंगणाशी काय संबंध?

संक्रांतीच्या आठ दिवस आधी पोस्टकार्ड आलं. वझ्यांचं, पण आत्याला नाही, बाबांना. कामानिमित्त इंदूरला येत आहे, संक्रांतीनंतरच्या रविवारी उज्जैनला महाकालाचं दर्शन घेईन, आपली हरकत नसेल तर सकाळी घरी वेल पाहण्यास येईन. सुधाबाई त्या दिवशी भोपाळहून परततात असं त्यांच्याकडून कळलं आहे. बाबांनी ते दोनदा वाचलं. आईनं एकदाच वाचलं आणि स्टोव्ह बंद केला. वेल पाहण्यास, आणि परवानगी भावाकडे मागितलेली. आता यात शेणखत कुठे आहे ते दाखवा, असं ती बाबांना म्हणाली, आणि बाबांना दाखवता येईना. मग ती पाटावर बसली आणि तिचा चेहरा उतरला. एक तर पौष, पौषात कुणी अशा कामाला येतं का. त्यात वन्संना बघायला कुणी येण्याची ही पहिली वेळ, आणि या वयात शेवटचीही. त्या माणसानं विश्वासानं एक वेल दिली आणि ती आपण मारून ठेवली. शुभकार्याला दारात वाळलेली वेल. तो माणूस काय समजेल? मी दाराआडून हे ऐकलं आणि थेट रेखाकडे पळाले, कारण खुनात साथीदार लागतो.

रेखा माझ्याहून एका वर्षानं मोठी, आणि गल्लीतली संजाची उस्ताद. आमच्याकडे पितृपक्षात मुली रोज संध्याकाळी भिंतीवर शेणानं संजा काढतात, फुलांच्या पाकळ्या लावतात, आणि शेवटच्या दिवशी रंगीत पन्नी, म्हणजे चकचकीत कागद, कातरून मोठा थोरला किल्लाकोट उभा करतात. रेखाचा किल्लाकोट बघायला दुसऱ्या मोहल्ल्यातल्या बायका यायच्या. तिनं जाळीकडे बघितलं, डोळे बारीक केले आणि विचारलं, पानं किती लागतील? ते संक्रांतीचे दिवस, गल्लीच्या तोंडावरच पतंगांची दुकानं लागलेली. आम्ही हिरवा, पांढरा आणि गुलाबी पतंगी कागद आणला. मी जुन्या वहीत दाबून ठेवलेलं खरं पान काढलं, त्यावरून रेखानं साचा केला, आणि कातर चालू झाली. हिरव्या पानावर पांढरे तुकडे कणकेच्या लेईनं डकवायचे, शेंड्याची कोवळी पानं गुलाबी. साठ पानं झाली तेव्हा आईनं आम्हाला पकडलं. मी रडायची तयारी केली होती, तोंडसुद्धा वाकडं केलं होतं. आईनं एक पान उचललं, उजेडात धरलं, म्हणाली, "हे टोक फार अणकुचीदार झालंय." आणि शिवणाच्या डब्यातली मोठी कात्री घेऊन ती आमच्यात येऊन बसली.

शनिवारी संध्याकाळपर्यंत दोनशे दहा पानं झाली. रविवारी पहाटे उठून आम्ही ती हिरव्या दोऱ्यानं बांधली, कुठे लेईनं चिकटवली. बाबा स्टूल धरून उभे होते आणि दर पाच मिनिटांनी म्हणत होते की मला हे काही पटत नाही, जरा डावीकडे दाट करा. सूर्य वर आला, वारा सुटला, आणि सगळी वेल सळसळली. तुम्हाला सांगते, दहा पावलांवरून बघितलं तर ती खऱ्याहून सुंदर दिसत होती. इतकी वर्षं रंगभूमीच्या आसपास काढली, पण तसं नेपथ्य पुन्हा माझ्या हातून झालं नाही.

योजना पक्की होती. पाहुण्यांना बैठकीत खिडकीकडे पाठ करून बसवायचं, लांबूनच वेल दाखवायची, पोहे-जिलबी खाऊ घालायची आणि महाकालाच्या दर्शनाला पिटाळायचं. बाबा नऊ वाजता देवास गेटच्या स्टँडवरून आत्याला घेऊन आले. तिनं पिशवी ठेवली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून अंगणाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. आईनं लगेच अंघोळीचं पाणी तापल्याचं जाहीर केलं. आत्या वळली आणि माझ्याजवळ आली. पर्समधून तिनं भोपाळचा एक मण्यांचा बटवा काढला, माझ्या हातात ठेवला आणि एवढंच म्हणाली, "शाब्बास, मिनू." तो बटवा मी लगेच दप्तराच्या तळाशी कोंबला.

वझे साडेदहाला आले. उंच, वाळके, कानाला मफलर, आणि हातात सफरचंदांची पिशवी. बोलताना शब्द मोजून. बाबांनी त्यांना ठरलेल्या खुर्चीत बसवलं आणि बँकेत येऊ घातलेल्या कॉम्प्युटरवर बोलायला सुरुवात केली. एरवी बाबांना कॉम्प्युटर या शब्दानं घाम फुटायचा, त्या दिवशी ते वीस मिनिटं थांबले नाहीत. आई पोह्यांवर शेव घालत होती, शेवेवर जिरावन मसाला, संपले की पुन्हा पोहे. आत्या समोर बसली होती, चॉकलेटी साडी, हात मांडीवर. दोघं एकमेकांशी फक्त गाड्यांच्या वेळांबद्दल बोलले. तिसऱ्या बशीला वझ्यांनी हात आडवा धरला, रुमालानं तोंड पुसलं आणि उठले. "आता वेल बघू," ते म्हणाले. बाबा म्हणाले, इथूनच छान दिसते. पण तोवर ते अंगणात पोचले होते.

आम्ही सगळे मागोमाग. वझे जाळीपाशी थांबले. खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला. एक पान दोन बोटांत धरलं. ते कुरकुरलं. त्यांनी ते उलटं करून बघितलं, सुलटं करून बघितलं, मग शेजारचं बघितलं. शेवटी ते म्हणाले, "कातरकाम सुरेख आहे. देठ मात्र गुलाबी हवा होता."

आत्या पुढे आली. तिनंही एक पान धरलं, आणि दोरा तटकन तुटून ते तिच्या हातात आलं. तिनं चष्म्यावरून बघितलं, आईकडे नाही, बाबांकडे नाही, माझ्याकडे. मग मी सगळं ओकले. पोस्टकार्डं, बादल्या, ताक, विभूती, पतंगी कागद, सगळं, एका दमात, आणि वर हेही की मी रोज पाणी घातलं, एक दिवसही चुकवला नाही.

"किती?" वझ्यांनी विचारलं.

"दोन बादल्या."

त्यांनी डोळे मिटले. "अगं, झोपलेल्या माणसाच्या तोंडात कुणी दोन बादल्या पाणी ओततं का? ही दर थंडीत पानं टाकते. सगळी. मार्चात पुन्हा फुटते." आणि आत्याकडे वळून जरा ओशाळून म्हणाले, "मी लिहिलं नाही. म्हटलं, भूगोलाच्या बाई आहेत, त्यांना पानझडीबद्दल काय सांगायचं."

भूगोलाच्या बाई कानापर्यंत लाल झाल्या. एकवीस वर्षं तिनं ते शिकवलं होतं, आणि तीही थोड्या वेळापूर्वी खिडकीतून पौषातल्या हिरव्यागार वेलीकडे बघून खूश झाली होती. वझ्यांनी खिशातला छोटा चाकू काढला आणि वरच्या फांदीची साल नखाएवढी खरवडली. आत तपकिरी. खाली आणखी एक खरवडली, तपकिरी. मग ते उकिडवे बसले आणि जमिनीलगतचं खोड खरवडलं. तिथे हिरवटसर काहीतरी होतं, असेल किंवा नसेल. पाण्यानं मुळं कुजली नसतील तर वाचेल, नाहीतर नाही, असं म्हणून त्यांनी कात्री मागितली आणि आमच्या डोळ्यांदेखत अख्खी वेल दीड वीत ठेवून कापली. दोनशे दहा पानं अंगणात पडली.

"पण तुम्ही मला कळवलं का नाही?" आत्यानं आईला विचारलं. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागला. "हा सगळा खटाटोप कशासाठी?"

आईनं पदर तोंडाला लावला होता, त्यामागूनच तिच्या तोंडून निघून गेलं, "वन्सं, तुमचं जमावं म्हणून हो. दुसरं काय."

मागच्या गच्चीवरून पतंग कापणाऱ्या पोरांचा "काटा है" असा गलका आला आणि विरला. बाबा खिशात स्कूटरची किल्ली शोधायला लागले, ती त्यांच्या हातातच होती. मला वाटलं, आता हा माणूस नमस्कार करून निघून जाणार आणि आत्या आयुष्यभर आमच्याशी गाड्यांच्या वेळांबद्दलच बोलणार. वझ्यांनी चाकू मिटला. मफलर सोडला, पुन्हा गुंडाळला.

"वहिनी," ते म्हणाले, "खरं सांगायचं तर मीही वेल बघायला आलो नव्हतो. वेली माझ्याकडे तिकडे चिकार आहेत."

आता सगळे आत्याकडे बघायला लागले. बाबा, आई, वझे, भिंतीवरून रेखा, आणि रेखाच्या मागे तिची आई. आत्यानं त्या दीड वितीच्या खुंटाकडे बघितलं.

"आधी ही जगते का बघू," ती म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.

त्या एका वाक्यानं आमच्या घराचे पुढचे दोन महिने खाल्ले. सगळ्यांनी ती अट धरली. वझे जाताना सांगून गेले होते की होळीपर्यंत पाणी नाही, खत नाही, काही नाही, माती अगदीच भेगाळली तर पंधरा दिवसांतून शिंपडा. म्हणजे काहीच करायचं नाही, आणि आमच्या घराला दुसरं काहीही जमलं असतं. आई चिंतामण गणेशाला नवस बोलून आली. बाबा बँकेतून दुपारी जेवायला घरी यायला लागले, आणि जेवायच्या आधी हात पुसत खुंटापुढे उभे राहायचे. मी तर तो खुंट इतक्या वेळा बघितला की त्याच्या सालीच्या रेघा मला आजही काढून दाखवता येतील. रेखाच्या आईनं नवी लिंबं आणली. फक्त आत्या तिकडे बघत नसे. कपडे वाळत घालायला जायची, खुंटाला वळसा घालून यायची. वझ्यांची पत्रंही बंद झाली. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला, टेबलावर काही आलं नाही. आईनं एकदा पोस्टमनला विचारलंसुद्धा. गुळाचे खडे किती हे बघायचं मात्र मी त्या दिवसांत सोडून दिलं होतं, धीर होत नव्हता.

रंगपंचमी झाल्यावर तिसऱ्या दिवशी, शाळेतून आल्यावर, मी नेहमीसारखी उकिडवी बसले. खोडावर जमिनीपासून चार बोटांवर एक ठिपका होता. आधी वाटलं रंगपंचमीचाच रंग उडालाय. ओलं बोट लावून पुसून बघितलं. गेला नाही. मुगाच्या दाण्याएवढा, गुलाबी, आणि नीट बघितलं तर त्याला टोक होतं.

मी धावत आत गेले. आत्या खाटेवर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन बसली होती, लाल पेन हातात.

"आत्या, फुटली."

तिनं मान वर केली नाही. "वरून की खालून?"

"खालून. चार बोटांवर."

"मग आजपासून दिवसाआड एक तांब्या. तांब्या, मिनू. बादली नाही."

मी तिथेच उभी राहिले. तिनं आणखी एक पान उलटलं. शेवटी मीच म्हटलं, "मग आता वझेकाकांना कळव ना."

"काय?"

"हो म्हणून."

"ते कळवून महिना झाला," आत्या म्हणाली. "पत्रं शाळेत येतात. इथे वाचणारे फार."

"पण तूच म्हणाली होतीस, आधी जगते का बघू."

"सगळे माझ्याकडे बघत होते. काहीतरी बोलायला हवं होतं."

"आणि नसती फुटली तर?"

आत्यानं आता चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"तर मे महिन्यात तिकडून दुसरी आणली असती," ती म्हणाली, आणि पुढची उत्तरपत्रिका ओढली.